छाट

दहा बाय पंधरा फूट.
बोल्ली क्लार्कने टेप धरला, चुन्याची रेघ मारली,
वहीत लिहिलं : प्लॉट चौदा, यल्लूबाई कोटा,
आणि शाईचं पॅड पुढं केलं.
मी पेन मागितला.
सही लांबली, रकान्याबाहेर गेली.

घरकुलाच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली,
परवापर्यंत जिथे डुकरं लोळायची
ती जागा आता वर्षाला शंभर रुपयांत माझी.
माझी म्हणजे काय करायचं तिचं,
तीन दिवस नुसती उभी राहून बघत होते.

चाळीस वर्षं पानं कापली मी.
रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळायची,
सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्री फिरवायची.
दिवसाला हजार विड्या.
पण ते पान कुठल्या फांदीला होतं,
तोडलं तेव्हा चीक आला का,
कधी विचारलं नाही.
पान म्हणजे कारखान्यात वजनावर मिळणारी वस्तू.

मग कुदळ घेतली.
बाटलीच्या काचा निघाल्या,
टॉवेलच्या दशा, कुणा पोराची एक चप्पल,
मागाचा एक धोटा, टोकाला अजून लोखंड.
त्याखाली मुरूम.
मुरुमाखाली मुरूम.

तेरा नंबरवरून इमामबी नदाफ ओरडली,
‘इतकं खोल कशाला खणतीस? मयत पुरायचीय का?
वरची एक वीत सुधार की. खालचं मुळ्या बघतील.’

एक वीत सुधारायला दीड महिना गेला.
तीन पाट्या शेणखत, चुलीची राख,
शेंगाचटणीवाल्याकडची पोतंभर टरफलं.
होळी झाली. ऊन चढलं.
मंडईतून पुडीत धणे आणले, अख्खे टाकले,
आणि नळ पाच दिवसांनी येतो म्हणून
तांदूळ धुतलेलं पाणी तांब्यातांब्याने नेलं.
काही उगवलं नाही.
‘आगं, चपलेनं रगडायचे असतात धणे,’ इमामबी म्हणाली,
‘दोन फोडी कराय पायजे.’
मला काय माहीत.
मला वाटलं, बी अख्खंच बरं.

अंबाडी टाकली त्याच ओळीत.
आम्ही घरी गोंगूरा म्हणतो. ती उन्हाला भीत नाही.
पण तिच्याआधी दुसरंच काहीतरी वर आलं,
जमिनीला चिकटून, लालसर देठाचं, मांसल,
न पेरलेलं, न बोलावलेलं.
मी मुठीमुठीने उपटलं, रेघेपलीकडे फेकलं.
इमामबीने ते पदरात गोळा केलं.
‘घोळ हाय ही. येडी का काय तू?’
त्या रात्री दोघींच्या घरी
डाळ घालून घोळ शिजली, थोडी आंबट, थोडी बुळबुळीत.
माझ्या जमिनीतलं पहिलं जेवण
मी फेकून दिलेलं होतं.

चैत्र संपता अंबाडीवर मावा पडला, काळा, पानाच्या पोटाशी.
सुपात तंबाखूची भुकटी उरते रोज,
तीच रात्रभर भिजवली, गाळली, शिंपडली.
जिने माझी छाती भरली
ती भुकटी एकदाची दुसऱ्या कुणाच्या नाकात गेली.
याचा आनंद झाला. लपवत कशाला.
मग आठ दिवस पान तोडलं नाही.
दोनदा शिंपलं, धुतलं, पुन्हा थांबले.

काल पहिली तोडणी.
खाली बसले तर बोटं आपोआप चालू लागली,
अंगठा देठावर, नख आडवं, टक.
मोजायचं नव्हतं. तरी मोजली.
पंचवीस झाली की विडीच्या लाल दोऱ्याने गाठ,
पुन्हा पंचवीस.

कारखान्यात चेकर कट्टा उलगडायचा,
बोटाने दाबायचा, आणि काही न बोलता
चाळीसपन्नास विड्या बाजूला सारायचा. छाट.
तिचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत.
रोज इतकी वर्षं. घरी येताना
मी त्या बाजूला सारलेल्याच मोजत यायची.

दोन पानांना भोकं होती,
आरपार, टाकी दिसेल एवढी.
हातात धरली.
इकडेतिकडे बघितलं,
इमामबी तिच्या गवारीला पाणी घालत होती, पाठमोरी.
तीही बांधली.